घाटाचा राजा आणि शेवटचा डबा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्या गोंदिया जिल्ह्यात सायकल हा कौतुकाचा विषय नाही, गरजेचा आहे. बांधीवर निघालेला शेतकरी, हँडलला डबे अडकवून गावात शिरणारा दूधवाला, सकाळी शाळेच्या वाटेवर दिसणारी मुलींची रांग ही आपली रोजची चित्रे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळू लागल्या आणि ही रांग आणखी लांबली. पण सायकल हा खेळही आहे असे म्हटले, की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : पहिला कोण आला? आज मला सांगायचे आहे ते हे, की सायकल शर्यतीत पहिला कोण आला यापेक्षा कोण कसा चालवतो हे पाहण्यात जास्त गंमत आहे. क्रिकेटच्या शौकिनाला कुणाला फिरकी आवडते, कुणाला वेगवान गोलंदाजी. तसेच सायकलच्या शौकिनांचेही आवडते प्रकार असतात.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते. जो दुसऱ्याच्या मागे चाकाला चाक लावून चालवतो, त्याचे कष्ट पाव ते एक तृतीयांशाने वाचतात. हिवाळ्यात आपल्या तलावांवर उतरणाऱ्या पाणपक्ष्यांचे थवे बाणाच्या टोकासारखी रांग धरतात, त्यामागेही कष्ट वाचवण्याचेच गणित. म्हणून रस्त्यावरच्या शर्यतीत दीड-दोनशे जणांचा जथा एकत्र चालतो. चढ लागला मात्र, की गणित पालटते. वेग कमी होतो, हवेचा अडसर सरतो, आणि आपलेच वजन आपल्याला वर ओढून न्यावे लागते. निरनिराळ्या अंगकाठीची माणसे एकाच शर्यतीत का असतात, याचे उत्तर या दोन वाक्यांत आहे.

पहिला प्रकार चढाच्या गड्याचा. हा बहुधा शिडशिडीत, हलका. आपल्या मराठीत त्याला फार सुंदर नाव आहे : घाटाचा राजा. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खोपोली सोडली की बोरघाट सुरू होतो. तो घाट जो पहिला चढेल त्याला हा किताब देण्याची परंपरा आहे. शर्यत कुणीही जिंको, घाटाचा राजा वेगळा. फ्रान्सच्या ‘टूर द फ्रान्स’ या तीन आठवड्यांच्या शर्यतीतही डोंगरातल्या सर्वोत्तम स्वाराला लाल ठिपक्यांचा पांढरा सदरा मिळतो, तो १९७५ पासून. कोलंबियाचा नायरो किंताना हा याच जातीचा. डोंगराळ मुलखातल्या शेतकऱ्याचा मुलगा. शाळेला जायला-यायला सायकल, आणि वाटेत मोठा चढ. पुढे २०१४ साली त्याने इटलीची आणि २०१६ साली स्पेनची तीन आठवड्यांची शर्यत जिंकली. आपल्या सालेकसा-दरेकसाच्या चढावर पायडल मारणाऱ्या पोरांनी हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही.

दुसरा प्रकार याच्या अगदी उलट, स्प्रिंटर. मांड्या भक्कम, खांदे रुंद. हा दिवसभर जथ्यात दडून राहतो आणि शेवटच्या दोनशे-अडीचशे मीटरमध्ये ताशी ६५-७० किलोमीटरच्या वेगाने सुटतो. बघणाऱ्याच्या डोळ्याचे पाते लवेपर्यंत सगळे आटोपते. इंग्लंडजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरचा मार्क कॅव्हेंडिश हा या प्रकारातला सर्वांत मोठा. टूरमध्ये त्याने एकूण ३५ टप्पे जिंकले. एडी मर्क्स या बेल्जियमच्या महान खेळाडूचा ३४ टप्प्यांचा विक्रम त्याने २०२४ साली मोडला, तेव्हा तो ३९ वर्षांचा होता.

तिसरा प्रकार एकट्याने घड्याळाशी झुंजणाऱ्याचा. काही टप्प्यांत स्वारांना ठरावीक अंतराने एकेकटे सोडतात. पुढे आडोसा नाही, मागे सोबत नाही. येथे लागते ती सलग, न डगमगणारी ताकद. स्पेनचा मिगेल इंदुराइन उंचापुरा, ८० किलोंच्या आसपास वजनाचा. घाटाचा राजा होण्यासारखी अंगकाठी मुळीच नाही. पण घड्याळाच्या शर्यतीत तो इतका पुढे निघून जाई, की डोंगरात फक्त मागे न पडणे पुरेसे होई. याच जोरावर १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षे त्याने टूर जिंकली. त्याच्या चालवण्यात नाट्य नव्हते. काहींना तो कंटाळवाणा वाटे. ज्यांना संथ लयीतला विलंबित ख्याल आवडतो, त्यांना तो आवडे.

चौथा प्रकार आखूड, उभ्या चढावर मुसंडी मारणाऱ्याचा. फ्रेंचमध्ये त्याला ‘पंचर’ म्हणतात. आपल्या चाकातल्या पंचरशी त्याचा काही संबंध नाही, बरं का! एक-दीड किलोमीटरचा चढ, पण असा की चालणाऱ्यालाही धाप लागावी. तेथे हा एकदम उसळी घेतो. इटलीचा पाओलो बेत्तिनी आणि फ्रान्सचा ज्युलियन आलाफिलिप हे दोघेही या जातीचे, आणि दोघेही लागोपाठ दोन वर्षे जगज्जेते झाले, बेत्तिनी २००६ व २००७ मध्ये, आलाफिलिप २०२० व २०२१ मध्ये.

पाचवा सपाटीचा गडी. वारा अंगावर घेत तासन्तास एका लयीत चालवणारा. गोंदिया-तिरोड्याकडच्या धानपट्ट्यात, जेथे रस्ता सरळ आणि झाड लांबलांब, तेथे असलाच गडी तयार होईल. आणि सहावा सर्वांगीण. मर्क्स तसा होता, आणि आजच्या काळात स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार तसा आहे. त्याने २०२० पासून २०२५ पर्यंत चार वेळा टूर जिंकली. असे लोक मात्र पिढीत एखादेच.

पण श्रोतेहो, माझा आवडता प्रकार यांतला एकही नाही. माझा आवडता आहे तो सातवा, मदतगडी. फ्रेंच लोक त्याला ‘दोमेस्तिक’ म्हणतात, म्हणजे घरगडी. प्रथम हा शब्द हिणवण्यासाठीच वापरला गेला. या माणसाचे काम काय? संघाच्या मोटारीपर्यंत मागे जायचे, पाण्याच्या बाटल्या सदऱ्यात कोंबून पुढे आणायच्या, नायकासाठी वारा अडवायचा, आणि त्याचे चाक बिघडले तर आपले काढून द्यायचे. १९३४ च्या टूरमध्ये रने व्हिएतो हा २० वर्षांचा फ्रेंच पोरगा डोंगरात सुसाट निघाला होता. संघनायक आंतोनँ मान्यचे चाक मोडले. व्हिएतोने आपले चाक काढून दिले आणि मदतीच्या मोटारीची वाट बघत रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मान्यची सायकल बिघडली, तेव्हा पुढे गेलेला व्हिएतो उलटा फिरून चढ चढून आला आणि त्याने आपली सायकल त्याच्या हवाली केली. मान्य ती शर्यत जिंकला. व्हिएतो पाचवा आला. फ्रान्सने मात्र त्या कठड्यावर बसून रडणाऱ्या पोराचे छायाचित्र जपून ठेवले.

दुसरी गोष्ट १९५२ ची. इटलीचा आंद्रेया कारेया हा फाउस्तो कोप्पीचा मदतगडी. एका टप्प्यात तो पुढे निघालेल्या टोळीवर लक्ष ठेवायला म्हणून त्यांच्याबरोबर गेला आणि न कळत एकूण वेळेत पहिला ठरला. आघाडीवीराचा पिवळा सदरा त्याच्या अंगावर चढला. त्याला रडू फुटले, ते आनंदाने नव्हे. नायकाला काय वाटेल, या धास्तीने. कोप्पीने त्याचे कौतुकच केले आणि पुढच्याच टप्प्यात तो सदरा स्वतः मिळवला. यात निष्ठा किती आणि लाचारी किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला दोन्ही दिसतात, आणि म्हणूनच ती गोष्ट मनातून जात नाही.

आता कुणी म्हणेल, जिंकणाऱ्याला सोडून पाणक्याचे काय कौतुक? त्याचे उत्तर कॅव्हेंडिशच्याच विक्रमात आहे. २०२४ च्या टूरचा पहिला दिवस. इटलीतला उन्हाळा, डोंगराळ रस्ता. कॅव्हेंडिशला उलट्या झाल्या, तो लवकरच मागे पडला. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते. तेवढ्यात पोचला नाही तो शर्यतीतून बाद. त्याचे सहकारी थांबले, त्याच्याबरोबर मागे राहिले आणि त्यांनी त्याला मर्यादेच्या आत शेवटच्या रेषेपर्यंत आणले. पाचव्या टप्प्यात त्याने विक्रम केला. इतिहासात नोंद पाचव्या दिवसाची झाली. तो घडला पहिल्या दिवशी.

आपल्या महाराष्ट्रातही हे पाहायला मिळाले आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी, सुमारे ४८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात, आळीपाळीने सायकल चालवत, नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ साली आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पुरी केली. हे व्यावसायिक स्वार नव्हेत आणि हा प्रकारही वेगळा. त्यात जथा नाही, मागे लपायला कुणाची पाठ नाही. पण ‘एकट्याने’ म्हणतानाही मागच्या मोटारीत जेवण देणारे, रस्ता सांगणारे, झोपेतून उठवणारे लोक असतातच.

फक्त पहिल्याचीच पूजा केली की काय होते, हेही या खेळाने दाखवले आहे. इटलीचा मार्को पंतानी १९९८ साली इटलीची आणि फ्रान्सची दोन्ही शर्यती जिंकला. घाटात त्याच्यासारखा उठून चालवणारा विरळा. पुढच्याच वर्षी रक्ततपासणीनंतर त्याला शर्यतीतून काढले, आणि २००४ साली, अवघ्या ३४ व्या वर्षी, तो एका हॉटेलच्या खोलीत मरण पावला. अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदे उत्तेजक द्रव्यांमुळे २०१२ साली काढून घेतली गेली. खोटेपणाचे समर्थन मी करीत नाही. पण पहिला नंबर हीच एकमेव किंमत ठरली, की ती मोजायला माणसे काहीही द्यायला तयार होतात.

म्हणून माझे आपल्या शाळांतल्या क्रीडाशिक्षकांना सांगणे आहे. क्रीडादिनाला मैदानावर एक छोटी शर्यत होते, पहिल्या तिघांना बक्षीस मिळते आणि बाकीची पोरे घरी जातात. त्या शर्यतीत फक्त स्प्रिंटर कळतो. रोज लांबून शाळेला येणारी, वाऱ्यात न थकणारी मुलगी त्यात सहावी येते आणि ‘हा आपला खेळ नाही’ असे समजून बसते. एकदा तिला २० किलोमीटर चालवू द्या. एकदा चढावर पाहा. एकदा चौघींचा संघ करा आणि चौथीची वेळ धरा. मग पाहा, पुढची मागचीसाठी वारा कशी अडवते ते.

टूरमध्ये एकूण वेळेत सर्वांत शेवटी येणाऱ्याला ‘लाल कंदील’ म्हणतात. हे नाव रेल्वेच्या शेवटच्या डब्यामागच्या लाल दिव्यावरून आले. गोंदियासारख्या जंक्शनच्या लोकांना तो दिवा समजावून सांगायला नको. गाडी स्थानकातून पुढे जाते तेव्हा रेल्वेचा माणूस इंजिनाकडे पाहत नाही, तो शेवटच्या डब्याकडे पाहतो. तो दिवा दिसला म्हणजे गाडी तुटलेली नाही, अख्खी पोचली. शर्यत पाहतानाही तेवढा वेळ थांबावे.