सनई, सॅक्सोफोन आणि आमचा बा

(भिवंडीत तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण)



मला बोलवायला आलेल्या पोरांपैकी एकानं जाता जाता टोमणा मारला. म्हणाला, काका, तुमचा जाझ म्हणजे ताजमहाल हॉटेलातल्या साहेबांची करमणूक. आपला काय संबंध? विशीत मीही हेच बोललो असतो, तेव्हा त्याच्यावर राग नाही. पण हिशेब देतो.

ताजमध्ये जाझ होता हे खरंच आहे. १९३५ साली लिऑन अॅबी काळ्या वादकांचा अख्खा बँड घेऊन तिथं आला. आता खुर्चीवर बसून खात कोण होतं आणि उभं राहून वाजवत कोण होतं, एवढंच बघा. स्वतःच्या देशात गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दारानं शिरता येत नव्हतं, ती माणसं ही. त्यांचं ऐकून गोव्याची पोरं शिकली. त्यातला एक अंतोनियो झेवियर वाझ, त्याला सगळे चिक चॉकलेट म्हणत. रात्री हॉटेलात ट्रम्पेट, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. सी. रामचंद्रांबरोबर त्यानं काम केलं. १९५१ च्या 'अलबेला'त तो बँडसकट पडद्यावर दिसतो. आणि 'अलबेला'ची गाणी वाजवली नाहीत असा लग्नाचा बँडवाला मला दाखवा! तुमच्या आजीच्या वरातीत जाझ होता, फक्त कुणी नाव सांगितलं नव्हतं.

आता घरचं. आमचा बा महाडकडचा. खालूबाजात सनई वाजवायचा. शिमग्याला पालखीपुढे वाजवायचं, लग्नात वाजवायचं, पण देवळाच्या पायरीला पाय लावायचा नाही. सूर चालतो, माणूस चालत नाही. वाजवून झालं की पदरात उष्टं. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडातच सांगितलं होतं, उष्टं सोडा, मेलेलं ओढणं सोडा. १९५६ साली धर्मांतर झालं आणि बानं सनई सावित्री नदीत फेकली. जिव्हाळीसकट. मग भिवंडीत येऊन सुताच्या गाठी वाहिल्या. घरात गुणगुणलेलंसुद्धा त्याला खपायचं नाही. त्यानं केलं ते चूक, असं मी आजही म्हणणार नाही. ज्याच्या पाठीवर वळ असतो त्यानंच काठीचं काय करायचं ते ठरवायचं.

मी लूमवर लागलो. चार लूम एका माणसाकडे, बारा तासांची पाळी. धोटा इकडून तिकडे, खटाक खटाक. बाहेरच्याला तो नुसता कल्ला वाटतो. पण चारही लूम कधी एका ठेक्यात पडत नाहीत. एक किंचित पुढे, एक मागे, मधेच दोन जुळतात आणि पुन्हा फुटतात. कान त्यातच तयार झाला. पुढे एल्विन जोन्सचा ड्रम पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, साला हा आपल्याच खात्यातला कारीगर!

तबकड्या चोरबाजारातून आणायचो. एक जुना एचएमव्ही फिएस्टा प्लेअर हप्त्यानं घेतला होता. इंग्रजी अडखळत वाचायचो, कव्हरच्या मागचा मजकूर शब्दकोश घेऊन लावायचो. त्यातून कळलं की सनी रॉलिन्सनं १९५८ साली 'फ्रीडम सूट' केलं. तबकडीची एक अख्खी बाजू एका रचनेला. काळ्या माणसाच्या छळाबद्दल त्यानं तिथं स्पष्ट लिहिलं. पुढे तीच तबकडी दुसरं नाव लावून विकली गेली. नावाची भीती तिकडंही होती तर!

हा रॉलिन्स १९७८ साली पहिल्या जाझ यात्रेला मुंबईत आला. धोबीतलावला, झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, उघडं रंगभवन. तिकीट माझ्या आवाक्यात नव्हतं. पाळी बदलून घेतली, कल्याणहून लोकल पकडली आणि भिंतीबाहेर फूटपाथवर उभा राहिलो. आत निरंजन झवेरींनी जमवलेली मुंबईची बडी मंडळी. बाहेर मी, एक टॅक्सीवाला आणि एक शेंगदाणेवाला. सॅक्सोफोनला भिंत अडवू शकत नाही. मी रॉलिन्सला पाहिलं नाही, ऐकलं. शेंगदाणेवाला म्हणाला, हा माणूस भांडतोय की हसतोय? एवढी चांगली समीक्षा मी नंतर छापील वाचलेली नाही. रात्र कल्याण स्टेशनावर काढली, सकाळी पहिल्या गाडीनं लूमवर हजर. (रंगभवनातल्या मैफली पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांत बंद पडल्या. भिंत अजून आठवते.)

एक गोष्ट मला बरेच दिवस टोचली. रॉलिन्स १९६० च्या दशकाच्या अखेरीस पवईच्या एका आश्रमात राहून गेला होता. आम्ही ज्या घरातून जीव घेऊन निघालो त्याच घरात हा शांती शोधायला आला! खूप चिडलो. त्या वर्षी त्याची तबकडी लावली नाही. मग लावली. ज्याच्या-त्याच्या जखमेचा पत्ता वेगळा असतो.

मे १९८४. भिवंडी पेटली, कर्फ्यू लागला. सगळे लूम बंद. या गावात जन्म काढलेल्या माणसालासुद्धा ती शांतता सहन होईना. खिडक्या लावून मी कोल्ट्रेनची 'लाइव्ह अॅट बर्डलँड' काढली, दुसऱ्या बाजूवरचं 'अलाबामा', आवाज अगदी बारीक. पियानो खाली एकच गडद सूर धरून राहतो, त्याच्यावर सॅक्सोफोन हळूहळू बोलतो. ठेका नाही, घाई नाही.

बा भिंतीला टेकून बसला होता. मला वाटलं, ओरडणार. त्यानं विचारलं,

"सूर कोण धरतोय?"

मी म्हटलं, पियानो आहे, बा. मॅकॉय टायनर नावाचा माणूस.

"मेलंय कोण?"

मी त्याला काही सांगितलं नव्हतं. गाण्यात एक शब्द नाही. मग सांगितलं. अमेरिकेत बर्मिंगहॅम गावात, १५ सप्टेंबर १९६३, रविवार. काळ्यांच्या चर्चमध्ये गोऱ्यांनी बाँब ठेवला. चार मुली मेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा.

बा कितीतरी वेळ गप्प. बाहेर पोलिसांची जीप गेली. मग म्हणाला, "हे कुणाच्या दारात उभं राहून वाजवलेलं नाय."

आणि मग, "परत लाव."

मी सुई मागे नेली. बाची बोटं गुडघ्यावर हलत होती. अठ्ठावीस वर्षांनी. त्या कर्फ्यूत आम्ही ती बाजू किती वेळा लावली ते मोजलं नाही. त्यानं पुन्हा सनई घेतली का, असं तुम्ही विचाराल. नाही घेतली. पण नातवाला गुणगुणून झोपवायला लागला.

पोरांनो, तबकडी आणलीय. प्लेअर तोच आहे, बेल्ट नवा. तो पंखा जरा बंद करा. सुरुवातीला खरखर आहे, ती सुईची नाही, आमच्या घरातल्या सुताच्या धुळीची आहे.