घरच्या संगीतसंग्रहाचा कारभारी

संगीताची आवड असलेल्या पुष्कळ घरांत आज एक नवीच अडचण उभी राहिली आहे. गाणीं फार झालीं आहेत. परंतु हवें तें गाणें हवें त्या वेळीं सांपडत नाहीं. एके काळीं घरांत तबकड्यांची पेटी असे, पुढें कॅसेटींनीं कपाट भरलें, त्यानंतर सी. डी. आल्या. यांपैकीं प्रत्येक वस्तूच्या अंगावर तिचें नांव लिहिलेलें असे. आतां तें सारें धन संगणकांत जाऊन बसलें आहे, आणि तेथें 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशा नांवांच्या शेंकडों फाइली अनोळखी पाहुण्यांप्रमाणें दाटीवाटीनें राहत आहेत. त्यांची व्यवस्था ठेवण्यासाठीं आणि त्या वाजविण्यासाठीं जीं सॉफ्टवेअरें मिळतात, त्यांतून आपल्या घरासाठीं कोणतें घ्यावें व तें कोणत्या कसोटीवर पारखावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

कोणी म्हणेल, इंटरनेटवर पाहिजे तें गाणें क्षणांत ऐकूं येत असतां हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. जें बाजारांत विकलें गेलें, त्यांतील बरेंच तेथें मिळतें. परंतु देवळांतील कीर्तन कोणी हौसेनें कॅसेटवर उतरून घेतलेलें असतें, आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या असतात, घरच्या माजघरांत झालेली एखादी बैठक असते. या वस्तू जगांत दुसरीकडे कोठेंहि नाहींत. शिवाय भाड्याच्या घरांत मालकाच्या मर्जीनें राहावें लागतें. गूगलची 'प्ले म्यूझिक' ही सेवा २०२० सालीं बंद झाली, तेव्हां तिच्या ग्राहकांना आपलें बिऱ्हाड दुसरीकडे हलवावें लागलें. तेव्हां इंटरनेटवर खुशाल ऐकावें. पण जें घरचें आहे तें घरींच नीट ठेवावें.

संगणकावर गाणीं वाजविणारें सॉफ्टवेअर खरें पाहतां दोन कामें करतें. एक वाजविण्याचें आणि दुसरें दप्तर ठेवण्याचें. वाजविण्याचें काम आज बहुतेक सर्व सॉफ्टवेअरें चांगलें करतात. निवड चुकते ती दप्तराच्या बाबतींत. कारभारी नेमतांना त्याचा फेटा पाहून कोणी नेमीत नाहीं. तो दप्तर कोठें ठेवतो, आपल्या वाड्यांत कीं स्वतःच्या घरीं, हें आधीं विचारावें लागतें. सॉफ्टवेअरलाहि हाच प्रश्न प्रथम विचारावा.

गाण्याविषयींची माहिती ठेवण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतींत गायकाचें नांव, चीज, वर्ष इत्यादि गोष्टी गाण्याच्या फाइलींतच लिहिल्या जातात. या नोंदीला टॅग म्हणतात; आपण तिला चिठ्ठी म्हणूं. एम. पी. थ्री फाइलीला अशी चिठ्ठी जोडण्याची पद्धत १९९६ सालीं निघाली. ती अवघ्या १२८ बाइटांची होती. तींत गाण्याच्या नांवाला ३० अक्षरांपुरतीच जागा असे आणि देवनागरीची सोय नव्हती. १९९८ सालीं तिची सुधारलेली आवृत्ति आली. तींत लांब नांवें, चित्रें आणि आपलीं देवनागरी अक्षरेंहि मावूं लागलीं.

दुसऱ्या रीतींत सॉफ्टवेअर ही माहिती स्वतःच्या निराळ्या खतावणींत लिहून ठेवतें. फाइल कोरीच राहते. शाळेच्या ग्रंथालयाचें उदाहरण घ्या. पुस्तकाचें नांव पुस्तकावरच छापलेलें असलें, तर नोंदवही हरवली तरी ती चार दिवस बसून पुन्हां तयार करतां येते. परंतु सर्व पुस्तकांना कोरीं वेष्टणें घालून त्यांवर नुसते क्रमांक टाकले आणि ग्रंथपाल नोंदवही घेऊन निघून गेला, तर कपाट भरलेलें असूनहि ग्रंथालय मुकें होतें.

आणि हे ग्रंथपाल निघून जातात, हा अनुभव आहे. विनॅम्प हें सॉफ्टवेअर १९९७ सालीं आलें व अल्पावधींत घरोघर पोंचलें. १९९९ सालीं ए. ओ. एल. कंपनीनें तें विकत घेतलें आणि २०१३ सालीं तें बंद करण्याचें जाहीर केलें. पुढें तें दुसऱ्या मालकाकडे गेलें खरें, परंतु पूर्वीचे दिवस राहिले नाहींत. आयट्यून्स २००१ सालीं आलें. मॅक संगणकांवर २०१९ सालीं त्याची जागा 'म्यूझिक' या नव्या सॉफ्टवेअरनें घेतली. आयट्यून्समध्यें गाण्यांना तारे देऊन जी प्रतवारी करीत, ती फाइलींत न जातां खतावणींतच राही. फाइली उचलून दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे नेल्या, कीं वर्षानुवर्षांची ती आवडनिवड मागें राहून जाई.

माहिती वस्तूबरोबरच असावी, या तत्त्वाचें एक भव्य उदाहरण सांगतों. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं. प्रत्येकाबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे, आणि तींत आपल्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. त्या तबकडीच्या वेष्टणावर ती कशी लावावी व किती वेगानें फिरवावी, हें आकृत्यांनीं कोरलेलें आहे. सोबत सुईहि ठेवली आहे. ऐकणारा कोण असेल, त्याच्यापाशीं कोणतें यंत्र असेल, हें ठाऊक नसल्यामुळें पाठविणारांनीं सर्व खुलासा वस्तूबरोबरच दिला. आपला संग्रह ज्या नातवंडांच्या हातीं पडणार, त्यांच्यापाशीं तरी कोणतें यंत्र असेल, हें आज कोण सांगूं शकेल?

म्हणून सॉफ्टवेअरची परीक्षा अशी घ्यावी. निरनिराळ्या प्रकारचीं वीस-पंचवीस गाणीं एका वेगळ्या फोल्डरमध्यें घ्यावीं. उमेदवार सॉफ्टवेअरमध्यें त्यांचीं नांवें देवनागरींत लिहावीं. नंतर तें फोल्डर पेन ड्राइव्हवर घालून दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्यें उघडावें. सर्व नांवें जशींच्या तशीं दिसलीं, तर उमेदवार उत्तीर्ण. प्रश्नचिन्हें किंवा चौकोन दिसले, अथवा पुन्हां 'ट्रॅक ०१' अवतरला, तर त्याला नमस्कार करून दुसरा पाहावा. अर्ध्या तासाची ही परीक्षा पुढील कित्येक वर्षांचे श्रम वांचविते.

यानंतर आपल्या संगीताच्या खास गरजा पाहाव्या. ही सॉफ्टवेअरें प्रामुख्यानें पाश्चात्त्य संगीत डोळ्यांपुढें ठेवून तयार झालीं. गायक, अल्बम व गाणें, एवढे तीन रकाने त्यांना पुरतात. आपल्याला राग हवा, ताल हवा, चीज हवी, नाट्यपद असेल तर नाटकाचें व संगीतदिग्दर्शकाचें नांव हवें. तेव्हां आपल्या मनाप्रमाणें नवे रकाने आंखूं देणारें सॉफ्टवेअर निवडावें. तें असलें म्हणजे संध्याकाळीं बसून संग्रहांतील सर्व यमन एकापाठोपाठ एक ऐकतां येतात. हें सुख जुन्या पेटींत नव्हतें.

नांवांचा घोळ ही दुसरी गोष्ट. आडनांवाप्रमाणें यादी लावली, तर बालगंधर्व, सवाई गंधर्व आणि कुमार गंधर्व हे एकाच कुटुंबांतले ठरावयाचे! वस्तुतः पहिले राजहंस, दुसरे कुंदगोळकर आणि तिसरे कोमकळी. तसेंच 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि रोमन लिपींतील त्यांचें नांव, हे संगणकाच्या दृष्टीनें तीन निरनिराळे गवई आहेत. 'कट्यार काळजात घुसली' या नांवाखालीं १९६७ सालच्या नाटकांतील पदें आणि २०१५ सालच्या चित्रपटांतील गाणीं एकाच ढिगांत जातात. वर्षाचा रकाना भरला तरच तीं वेगळीं करतां येतात. येथें सॉफ्टवेअर फारसें उपयोगी पडत नाहीं. एका नांवाचें एकच रूप ठरवून तें एका वहींत लिहून ठेवावें, आणि घरांतील सर्वांनीं तेंच वापरावें. मात्र पुष्कळ फाइलींतील नांव एकाच वेळीं बदलण्याची सोय असली, तर काम हलकें होतें.

वाजविण्याच्या बाबतींत दोन गोष्टी पाहाव्या. सी. डी. वर विलंबित ख्याल व द्रुत यांचे पुष्कळदां दोन भाग केलेले असतात. एम. पी. थ्री करतांना प्रत्येक भागाच्या आरंभीं व शेवटीं किंचित् मौन शिरतें, आणि रंगलेल्या गाण्यांत मध्येंच खंड पडल्यासारखें होतें. तें मौन वगळून सलग वाजविणारें सॉफ्टवेअर असावें. दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. जुनें ध्वनिमुद्रण हळू आणि नवें कानठळ्या बसविणारें, म्हणून दर गाण्याला उठून बटण फिरवावें लागतें. २००१ सालीं सुचविलेल्या 'रिप्लेगेन' या पद्धतींत प्रत्येक गाण्याची पातळी मोजून तो आंकडा चिठ्ठींत लिहितात. मूळ ध्वनीला धक्का लागत नाहीं. ही सोय आहे कीं नाहीं, तें विचारावें.

आतां प्रत्यक्ष नांवें. विंडोज संगणकासाठीं फूबार २००० आणि म्यूझिकबी हीं दोन्ही विनामूल्य असून वरील कसोट्यांना उतरतात. फूबारचें रूप साधें, जवळजवळ रुक्ष आहे. परंतु ज्याला स्वतः रकाने आंखावयाचे आहेत त्याला तें फार मानवतें. म्यूझिकबी नवशिक्याला अधिक सोपें वाटेल. लिनक्स वापरणारांनीं स्ट्रॉबेरी पाहावें. व्ही. एल. सी. हें पॅरिसमधील विद्यार्थ्यांच्या उपक्रमांतून निघालेलें सॉफ्टवेअर जवळजवळ वाटेल ती फाइल वाजवितें. तें संग्रहीं असूं द्यावें, पण दप्तर त्याच्यावर सोंपवूं नये. केवळ चिठ्ठ्या लिहिण्यासाठीं एम. पी. थ्री टॅग हें निराळें सॉफ्टवेअर आहे. म्यूझिकब्रेन्झ पिकार्ड हें तर गाण्याच्या ध्वनीवरूनच तें ओळखून नांवें भरण्याचा प्रयत्न करतें. बाजारांतील ध्वनिमुद्रणांना त्याचा उपयोग होतो. मात्र त्यानें भरलेलें नांव तपासल्याशिवाय कायम करूं नये. आजीची ओवी त्याला ओळखूं येणार नाहीं, हें उघडच आहे.

कॅसेटी संगणकावर उतरवितांना वेव्ह फाइली होतात. सी. डी. च्या दर्जाला एका मिनिटास सुमारें १० मेगाबाइट जागा लागते, आणि वेव्ह फाइलींतील चिठ्ठी सर्व सॉफ्टवेअरें सारखी वाचीत नाहींत. म्हणून त्यांचें रूपांतर फ्लॅक पद्धतींत करावें. ही पद्धत २००१ पासून सर्वांस खुली आहे. तींत ध्वनीचा कणहि न गमावतां जागा बरीच कमी लागते, आणि चिठ्ठी नीट राहते. मॅक वापरणारांना अ‍ॅपलची अ‍ॅलॅक ही पद्धत सोयीची पडेल. तीहि २०११ पासून खुली आहे. प्रवासांत ऐकण्यासाठीं एम. पी. थ्री प्रती निराळ्या कराव्या, पण मूळ प्रत फ्लॅक अथवा अ‍ॅलॅकमध्यें ठेवावी. आणि ती एकाच ठिकाणीं ठेवूं नये. एक प्रत संगणकांत, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि शक्य तर एक दुसऱ्या गांवीं असलेल्या मुलाकडे किंवा लेकीकडे असावी.

श्रोतेहो, सॉफ्टवेअर केव्हांहि बदलतां येईल. आज आहे त्याहून चांगलें उद्यां येईल. पण या कीर्तनांतले बुवा कोण, मागें टाळ कोणाचे, ही ओवी म्हणणारी आत्या कीं मावशी, हें सांगणारीं माणसें घरांत फार थोडीं उरलेलीं असतात, आणि त्यांचें वय वाढत असतें. तीं आहेत तोंवर त्यांना शेजारीं बसवून ऐकवावें, विचारावें आणि सांगतील तें त्याच वेळीं चिठ्ठींत लिहावें. ध्वनि राहिला आणि नांव गेलें, तर पुढच्या पिढीला आपल्याच घरचा आवाज परका होईल. कारभारी निवडण्यास एक संध्याकाळ पुरे. चिठ्ठ्या लिहिण्याचें काम मात्र ज्यांना आठवतें त्यांनींच, आणि आठवतें आहे तोंवरच, करावयाचें आहे.