तरणं, तरंगणं आणि तारण

मी मेढ्याहून बोलतेय, आपल्या गटांची समन्वयक. आज योजना नाही, फॉर्म नाही. आज एका शब्दाबद्दल बोलायचंय. तो आपल्या तोंडात रोज असतो आणि बँकेच्या कागदावरही असतो, पण कागदावर तो आपल्याला ओळखू येत नाही.

शब्द आहे तरणं. पाण्यावर राहणं म्हणजे तरणं, आणि जीव वाचणं म्हणजेही तरणंच. पावसानं दडी मारली तरी यंदा भात तरलं, असं आपण म्हणतो. आजारातून उठलेल्या सासूबाईंबद्दलही म्हणतो, तरल्या बाई. मूळ संस्कृत धातूचा अर्थ पार होणं असा आहे. वेण्णेला पूल नव्हते तेव्हा माणसं विचारायची, नदीला उतार कुठं आहे? तो उतार याच घरचा. तीर्थ हा शब्दही याच घरचा, पहिला अर्थ नदी ओलांडायची जागा. जुलैत पडतो तो तरणा पाऊस मात्र वेगळा हं. तो तरुण या अर्थाचा. म्हणून तर त्याच्या मागून म्हातारा येतो.

तरंगणं हे तरण्याच्या जवळचं, पण सारखं नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीतून तेरा दिवसांनी वर आल्या, अशी आपली श्रद्धा. गाथा तरली असं आपण म्हणतो, तेव्हा ती नुसती तरंगली एवढंच सांगायचं नसतं. याउलट भाताचं बी घ्या. तरवा टाकायच्या आधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी सोडायचं. वर तरंगतं ते पोचट, ते काढून टाकायचं. तळाला बसतं ते वजनदार. ते चांगल्या पाण्यानं दोनतीनदा धुऊन सावलीत सुकवायचं आणि पेरायचं. म्हणजे वर दिसतं ते सगळं तरलेलं असतंच असं नाही.

आता तारण. तरणं म्हणजे स्वतः वाचणं, तारणं म्हणजे दुसऱ्याला वाचवणं. देव तारी त्याला कोण मारी, त्यातलंच हे तारणं. सोनेतारण कर्ज म्हटलं की बाईला वाटतं, सोनं आपल्याला तारतंय. वेळेला तारतंही, नाही कशाला म्हणू? पण कागदावरचं तारण कुणाला तारतं? कर्ज देणाऱ्याच्या पैशाला. हप्ते थकले तर त्याचा पैसा बुडू नये म्हणून आपली वस्तू त्याच्याकडे अडकलेली असते. आणि आपल्याकडे अडकवायला असतं तरी काय? सातबाऱ्यावर बहुतेकींचं नाव नसतं. उरतं गळ्यातलं.

एका बैठकीत मी विनातारण हा शब्द वाचला, तर एक मावशी घाबरल्या. म्हणाल्या, तारणच नाही म्हणजे बुडायचंच की! सगळ्या हसल्या, पण प्रश्न चोख होता. विनातारण म्हणजे वस्तू अडकवल्याशिवाय. उमेदच्या बचत गटांना १० लाखांपर्यंतचं बँक कर्ज विनातारण द्यायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यासाठी गटाच्या बचत खात्यातली रक्कमही अडकवून ठेवता येत नाही. तेव्हा त्या कर्जासाठी कुणी दागिना, ठेवपावती किंवा घराचा कागद मागितला, तर कुठल्या नियमानं मागता ते लिहून द्या, असं शांतपणे म्हणायचं. आवाज चढवायची गरज नाही, पण दोघीतिघींनी मिळून जावं. आपलं खरं तारण म्हणजे बैठकीचं इतिवृत्त, हजेरी, बचतीची नोंद आणि वेळेवर गेलेले हप्ते. बँक तेच बघते.

मात्र विनातारण म्हणजे स्वस्त नव्हे. दारात येऊन कर्ज देणाऱ्या खाजगी कंपन्यांचं छोटं कर्जही विनातारणच असतं. तिथं दागिना मागत नाहीत, पण व्याज किती आणि वर्षाला एकूण किती जातं, ते सहीच्या आधी विचारा. एक हप्ता फेडायला दुसरं कर्ज काढलं, की बाई वरून तरंगताना दिसते एवढंच.

आणखी एक शब्द कागदावर भेटेल, तरता व्याजदर. म्हणजे व्याज एका जागी बांधलेलं नाही. शिवसागराचं पाणी चढतं-उतरतं तसा तराफाही वरखाली होतो, तसंच हे. आज आठ टक्के म्हणून सांगितलं, तरी उद्या नऊ होऊ शकतं, सातही होऊ शकतं. आपला दर तरता आहे की ठरलेला, आणि बदलला तर हप्ता वाढणार की मुदत, हे दोन प्रश्न विचाराच.

बुडीत हा शब्द मी समजावत नाही. कोयनेच्या काठच्या माणसांना तो बँकेनं शिकवायची गरज पडली नाही. ज्यांची शेतं त्या पाण्याखाली गेली, त्यांच्या लेकीसुना आज आपल्या गटांत आहेत.

पुढच्या बैठकीला येताना घरातला एकतरी कर्जाचा कागद घेऊन या, स्वतःच्या नावाचा असो की नवऱ्याच्या. तारण, विनातारण, तरता, हे तीन शब्द त्यात कुठं आहेत ते बोट ठेवून शोधू. वाचता न येणाऱ्या मावशींच्या शेजारी दहावी शिकलेली सून बसेल. चष्मे विसरू नका.