हात रिकामे झाल्यावर



'दोन शब्द बोल' म्हणून मला उभं केलंय. मला आज विज्ञानाच्या बाईंची माफी मागायची आहे. १९९७ साली, दहावीत, बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टची पेशी दाखवली. मी रांगेत उभीच राहिले नाही. चित्र शेजारणीच्या वहीतून उतरवलं. अकरावीत जीवशास्त्र सोडलं आणि पुढे इंजिनिअर झाले.

काही वर्षांपूर्वी बिअरच्या एका कारखान्याचं काम माझ्याकडे आलं. सासूबाईंना मी 'खाद्यपदार्थांची कंपनी' असं सांगितलं होतं! किण्वनाच्या टाक्यांवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर मी लिहिलं. एका टाकीतली साखर कमी व्हायचीच थांबली. सगळे म्हणाले, सॉफ्टवेअर चुकतंय. मलाही तसंच वाटलं. चार रात्री कोड तपासला. चूक सापडेना.

शेवटी तिथल्या प्रयोगशाळेतल्या ताईंनी तळाचा गाळ काचपट्टीवर घेतला. यीस्टच्या गुठळ्या झाल्या होत्या. ईडीटीएने धुतल्यावर पेशी सुट्या झाल्या.

ताईंनी समजावलं. यीस्टच्या पेशीभित्तिकेवर बाहेरून मॅनोज साखरेच्या साखळ्या असतात. भित्तिकेतली काही प्रथिनं हातांसारखी पुढे येऊन शेजारच्या पेशीच्या साखळ्या धरतात. या पकडीला कॅल्शियम लागतं. ईडीटीए ते काढून घेतं, म्हणून हात सुटतात. बिअरच्या यीस्टचे हात रसात माल्टोज, ग्लुकोज असेपर्यंत त्या साखरेतच गुंतलेले असतात. साखर संपत आली की ते रिकामे होतात, शेजाऱ्याला धरतात आणि गुठळ्या तळाशी बसतात. आमच्या टाकीत त्या फार लवकर बसल्या. बार्लीच्या माल्टमधल्या काही बहुशर्करांमुळे असं होतं. माल्टची खेप बदलली आणि पुढची टाकी नीट चालली.

म्हणजे माझा आकडा बरोबरच होता. मी चार रात्री पडद्याकडे बघत बसले, टाकीतला एक थेंब बघितला नाही. बाई, 'आधी बघा, मग काढा' असं तुम्ही वर्गात रोज सांगत होतात.

आपलेही हात इतकी वर्षं नोकरी, मुलं, घराचे हप्ते यांत गुंतले होते. आता थोडे मोकळे झालेत, म्हणून तर इथे जमलो.

बाई, जेवणानंतर वही आणते. ते चित्र काढायचं राहिलंय.