एन्टर दाबण्याआधी

मी ओरगडमहून बोलतोय. चेन्नईजवळचा, श्रीपेरुंबुदूरच्या बाजूचा हा गाड्यांच्या कारखान्यांचा पट्टा. चाकणला राहिलेल्या माणसाला इथे फारसं परकं वाटत नाही. फक्त कॅन्टीनमध्ये पोह्यांऐवजी पोंगल.

इथल्या एका छोट्या कारखान्यात मी तपासणीच्या नोंदींसाठी डेटाबेस बसवत होतो. कंपनीची बस सुटायला वीस मिनिटं उरलेली. प्रत्येक प्रश्नाला एन्टर मारत गेलो. चाललं एकदाचं! दोन आठवड्यांनी एका शिकाऊ मुलीने विचारलं, "सार, पासवर्ड न विचारताच मी आत गेले. असंच असतं का?" म्हणजे कोणीही सगळ्या नोंदी पुसू शकलं असतं. चूक माझीच होती.

मला ती मुलगी भेटली. सगळ्यांचं नशीब असं नसतं. मोंगोडीबीच्या जुन्या आवृत्त्या अनेकदा बसवल्याबरोबर सगळ्या नेटवर्कवर ऐकायला लागायच्या, तेही पासवर्डशिवाय. धोक्याची सूचना मार्गदर्शिकेत होती, पण वाचतो कोण? जानेवारी २०१७ मध्ये जगभरातले असे हजारो उघडे डेटाबेस पुसले गेले आणि जागी खंडणीची चिठ्ठी उरली. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या ३.६ आवृत्तीपासून तो सुरुवातीला फक्त स्वतःच्याच मशीनवर ऐकतो. बदल एका ओळीचा.

म्हणून एन्टरआधी तीन प्रश्न विचारा.

पहिला, हे कुठल्या पत्त्यावर ऐकणार? १२७.०.०.१ असेल तर फक्त हेच मशीन. ०.०.०.० असेल तर दार सताड उघडं. बंद ठेवून सुरुवात करा, मग लागेल तेवढंच उघडा.

दुसरा, तयार पासवर्ड आहे का? रास्पबेरी पायसोबत वर्षानुवर्षं सगळ्यांना एकच ठरलेला पासवर्ड येत असे. एप्रिल २०२२ पासून तो बंद झाला. आता पहिल्यांदा सुरू करतानाच स्वतःचा ठरवावा लागतो.

तिसरा, डेटा कुठल्या डिस्कवर जाणार आणि त्याची प्रत कुठे राहणार?

तुमच्यापैकी जे स्वतः पॅकेज बनवतात, त्यांना एकच विनंती. डीफॉल्ट ठरवताना मार्गदर्शिका वाचणारा माणूस डोळ्यांसमोर आणू नका. ज्याची बस सुटतेय, तो आणा.