मोगऱ्याचा बहर आणि ऋतूची ऊब

मोगरा पंचांग पाहून फुलत नाही. हवेतील ऊब त्याला जागे करते. थंडीत या झुडपाची वाढ मंदावते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पारा चढू लागला की नवी फूट जोमाने येते आणि कळ्या धरतात त्या याच फुटीवर. म्हणूनच हिवाळ्यात पाणी तोडून झाडास विश्रांती द्यावयाची, मग छाटणी करून खत-पाणी द्यावयाचे, ही बागायतदारांची रीत शास्त्रशुद्ध आहे.

पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांत मोगऱ्याने अनेक आदिवासी कुटुंबांना गावातच उत्पन्नाचे साधन दिले आहे. पहाटे खुडलेली कळी उमलण्यापूर्वी दादरच्या बाजारात पोहोचावी लागते. थंडी लांबली तर बहर मागे पडतो, ऊन लवकर तापले तर तो आधी येतो. दोन्ही वेळी लग्नसराईचा भाव हुकण्याची भीती असते.

यास्तव प्रत्येक शाळेने अंगणातील एका मोगऱ्याच्या छाटणीची व पहिल्या कळीची तारीख, तसेच रोजचे तापमान नोंदवहीत लिहावे. चार-पाच वर्षांच्या अशा नोंदी ग्रामसभेपुढे आल्या, तर छाटणी केव्हा करावी हे गावाला स्वतःच्या अनुभवावरून ठरविता येईल.