ताऱ्यांची मोजदाद

मुंबईहून पुण्यास जाणारी आगगाडी पळसदरी सोडून बोरघाट चढूं लागली, कीं वाटेंत ठाकुरवाडी लागते. कर्जत-खालापूरकडच्या या डोंगरांत अंवसेच्या निरभ्र रात्रीं, शहराच्या गच्चीवरून लोपलेले पुष्कळसे तारे अजून दिसतात. असें आकाश पाहून एखाद्या मुलीस ज्योतिःशास्त्राची गोडी लागते, आणि पदवी पदरीं पडतांच ती म्हणते, "मला एम्. एस्सी.ला खगोलशास्त्र व डेटा सायन्स एकत्र शिकावयाचें आहे." मग घरांतील वडीलधारीं विचारतात, तारे पाहावयाचे, तर हा आंकडेमोडीचा खटाटोप कशाला?

ही जोडी वस्तुतः जुनीच आहे. टायको ब्राहे यानें वर्षानुवर्षें मंगळाचीं स्थानें टिपून ठेविलीं. केप्लरनें त्यांवरून वर्तुळाकार कक्षेचा हिशेब मांडला, तो अवघ्या ८ कलांनीं चुकला. दुसऱ्या कोणीं तेवढा फरक सोडून दिला असता. परंतु टायकोचे वेध इतके चुकणार नाहींत, हें केप्लर जाणून होता. त्यानें वर्तुळच टाकून दिलें, आणि मंगळाची कक्षा लंबवर्तुळ असल्याचें १६०९ सालीं प्रसिद्ध केलें.

आतां नोंदींचा डोंगर झाला आहे. चिली देशांतील व्हेरा रुबिन वेधशाळेचीं पहिलीं चित्रें २०२५ सालीं प्रसिद्ध झालीं. तिच्या एका रात्रीची माहितीच सुमारें २० टेराबाइट भरते. ती डोळ्यांनीं चाळूं म्हटल्यास आयुष्य पुरणार नाहीं. आपल्या पुण्याचेंच उदाहरण घ्या. आयुका व आयसर या संस्थांतील संशोधकांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१७ सालीं 'सरस्वती' नांवाचा दीर्घिकांचा महासमूह जाहीर केला. सुमारें ४ अब्ज प्रकाशवर्षें दूरचा हा समूह स्लोन सर्वेक्षणाच्या, सर्वांस खुल्या असलेल्या, नोंदींत होता. तो ओळखावयाचा तेवढा राहिला होता.

मात्र यंत्राला जें दाखवावें, तेंच तें शिकतें. जवळच्या, तेजस्वी दीर्घिकांवर शिकविलेलें यंत्र दूरच्या, अंधुक दीर्घिकांविषयीं सहज फसतें. एखादा ठिपका तारा आहे, दीर्घिका आहे, कीं कॅमेऱ्याचाच दोष आहे, हें निवडण्यास भौतिकशास्त्र व उपकरणाचें ज्ञान लागतें. म्हणून अभ्यासक्रमाच्या नांवावर जाऊं नये. भौतिकशास्त्र आणि सांख्यिकी तेथें किती खोल शिकवितात, विद्यार्थ्याच्या हातीं खऱ्या वेधांच्या नोंदी देऊन प्रबंध करवून घेतात कीं नाहीं, याची चौकशी करावी.

वेधशाळांतील जागा मोजक्याच असतात; पालकांची चिंता अनाठायीं नाहीं. परंतु अपुऱ्या व सदोष नोंदींतून सत्य निवडण्याची, आणि आपल्या उत्तरांत चूक किती असूं शकेल हें सांगण्याची संवय हवामान, वैद्यक, बँका अशा ठिकाणींही कामास येते.

तेव्हां त्या मुलीस अडवूं नये, एवढेंच विचारावें, "यंत्राचें उत्तर चुकलें, तर तुला तें कळेल का?" या प्रश्नास 'होय' म्हणण्याची तयारी जेथें करवून घेतात, तेथेंच तिनें नांव घालावें.